दोन ओळींचा कागद

मिकोतोच्या आईबद्दल आता गावात सगळे चांगलंच बोलतात. बोलणारच. शाळेतला तो लहानसा वर्ग तिने उघडायला लावला, आता त्यात चार पोरं बसतात. पण तो वर्ग एक वर्ष उशिरा का उघडला, हे कुणी विचारत नाही. ते मला विचारा. मी तोकिए सुगावारा, इथल्या आरोग्य केंद्रात छत्तीस वर्षं नर्स होते, आणि त्या पोरीचं ते एक वर्ष मी खाल्लं.

आधी त्या आईबद्दल सांगते. चिझुरू ओनोदेरा. पलीकडच्या बंदरातून लग्न होऊन आली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यात दोन दिवस घरी. ही स्वतः समुद्री शेवाळ उकडून खारवायच्या शेडमध्ये कामाला, हात मिठाने चिरलेले. बोलायची इतकं हळू की वाटायचं आपलेच कान गेले. आणि वाकायची सवय काय विचारता! फोनवर बोलतानासुद्धा कमरेत वाकायची. एकदा मी म्हटलं, "अगं, पलीकडच्याला दिसतंय थोडंच?" तर माझ्यापुढे वाकून म्हणाली, "चुकलं हं, बाई."

मिकोतो तीन वर्षांची झाली तेव्हा तपासणीला घेऊन आली. केंद्राच्या दारात आयांच्या आणि पोरांच्या बुटांचे चाळीसेक जोड इकडेतिकडे पडले होते. पोरगी आत यायलाच तयार नाही. खाली बसली आणि एकेक जोड उचलून मांडायला लागली. टोकं दाराकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत, मधलं अंतर अगदी सारखं. केंद्राचे प्रमुख, आमचे साहेब, बाहेर आले, बघतच राहिले. "वा! याला म्हणतात वळण!" सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बाकीच्या आया आपापल्या पोरांना कोपराने ढोसायला लागल्या, बघ, शीक जरा. चिझुरू कानापर्यंत लाल झाली.

मग एका पोराने आपला बूट पायात घातला आणि ती रांग मोडली. मिकोतो ओरडली नाही, रडली नाही. स्वतःचं मनगट चावत बसली, दातांचे वळ उठेपर्यंत. मी ते पाहिलं. पाहिलं होतं, हे लिहून ठेवा.

टेबलापाशी चिझुरूने आई-बाळाची नोंदवही पुढे केली. त्यात छापील प्रश्न असतात, आईने हो किंवा नाही लिहायचं. हाक मारल्यावर वळून बघते का? दुसऱ्या मुलांशी खेळते का? दोन्हींपुढे तिने पेन्सिलीने अगदी पुसट 'नाही' लिहिलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, मला जरा काळजी वाटते."

तीन वर्षांत त्या बाईने कुणाकडे काही मागितलं नसेल. एवढंच मागितलं. आणि मी काय म्हणाले? "अहो मिकोतोची आई, आत्ताच 'नाही' लिहिलंत तर ते पोरीला जन्मभर चिकटेल. शांत आहे, गुणी आहे, दारातले जोडे मांडते. अजून काय हवंय तुम्हाला? माझा भाचा चार वर्षांचा होईस्तोवर तोंड उघडत नव्हता, आता बँकेत बसून लोकांना गप्प करतो. बघू या, थोडं थांबू या." आणि माझ्या खिशातला रबर तिच्या हातात दिला. वर पेनही दिलं. तिने दोन्ही 'नाही' खोडले आणि 'हो' लिहिलं.

डोळे फुटले होते का माझे? नाही. मागे अकरा आया रांगेत होत्या, जेवायची वेळ टळत होती, साहेबांनी चारचौघांत त्या पोरीचं कौतुक केलं होतं. आता मी कुठल्या तोंडाने म्हणणार, की साहेब, ते वळण नाही, ते वेगळं काहीतरी आहे? आमच्याकडे असं कुणी तोंडावर बोलत नाही. 'बघू या' म्हटलं की सगळ्यांची अब्रू राहते. छत्तीस वर्षांत हजारदा म्हटलं असेन.

बालवाडीत सगळं बाहेर आलं. खेळांच्या दिवशी शर्यतीचा बार उडाला आणि मिकोतो किंचाळत मैदानातून पळत सुटली, मध्ये आलेल्या दोन पोरांना पाडून. दुसऱ्या दिवशी चिझुरू गोड पुरणाच्या मिठाईचे खोके घेऊन घरोघरी गेली माफी मागायला. मग ते सुरूच झालं. पोरीने कुणाचा डबा सांडला, खोका. कुणाच्या नव्या बुटांना हात लावला, खोका. मिठाईवाला तिला बघितलं की न विचारता कागद फाडायला घ्यायचा.

पण एक सांगते, तीच चिझुरू डॉक्टरांपुढे वेगळी होती. मुलांच्या मनाचे डॉक्टर इथून आगगाडीने दोन तासांवर. नोंदणीचा फोन महिन्यातून एकच दिवस लागायचा. शेडमधून, रबरी हातमोज्यांत फोन धरून ती सात महिने लावत राहिली. शेवटी नंबर लागला. डॉक्टरांनी दहा मिनिटं बघितलं आणि तेच म्हणाले, "अजून लहान आहे, आपण बघू या."

ही खुर्चीवरून उठलीच नाही. पुढे तिनेच मला सांगितलं, तेही खाली मान घालून, चोरी केल्यासारखं. "माझ्या तोंडून निघून गेलं हो, बाई. म्हटलं, डॉक्टर, अडीच वर्षं मीच बघत्येय. आता तुम्ही बघा."

डॉक्टरांनी बघितलं. संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं आणि निदान लिहून दिलं. आत्ममग्नता, म्हणजे ऑटिझम.

शाळेत जायच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरात, शिक्षण समितीने तिला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला आम्ही सातजण, त्यात आरोग्य केंद्राकडून साहेब आणि मी, दुसऱ्या बाजूला ती एकटी. समितीचं म्हणणं, मिकोतोने डोंगरापलीकडच्या विशेष शाळेत जावं, बसने सव्वा तास. चिझुरूचं म्हणणं, गावातल्याच शाळेत अशा मुलांसाठी लहान वर्ग उघडा. आमच्याकडे गल्लीतली पोरं सकाळी रांग करून एकत्र चालत शाळेत जातात. त्या रांगेत आपली पोरगी असावी, एवढीच तिची इच्छा. "रांगेत तिला बरं वाटतं," ती म्हणाली. "पुढचा-मागचा रोज तोच असेल तर ती एकदाही ओरडणार नाही. मी दोन महिने त्यांच्यामागे चालवून बघितलंय."

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "एका मुलीसाठी वर्ग मंजूर व्हायचा तर प्रांत कचेरी जुना पुरावा मागणार. डॉक्टरांनी एकदाच बघितलंय. तिसऱ्या वर्षीच लक्षणं होती असं आरोग्य केंद्राचं काही असेल तर डिसेंबरच्या आत अर्ज जाऊ शकतो. पण मिकोतोची आई, तुम्ही तर स्वतःच्या हाताने लिहिलंय की सगळं ठीक आहे." आणि नोंदवहीचं ते पान त्यांनी सगळ्यांपुढे धरलं.

चिझुरूने माझ्याकडे बघितलं. एकदाच, क्षणभर. आमचे साहेब माझ्या शेजारीच बसले होते. माझ्या निवृत्तीला सहा महिने होते. मी समोरच्या चहाच्या कपात बघत बसले.

मग तिचा आवाज आला. "चूक माझी आहे. माझ्या लक्षात आलं नाही. तुम्हा सगळ्यांना त्रास दिला." आणि कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकली.

मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मीच मिठाईचा खोका घेऊन तिच्या दारात गेले. तिने तो हातात घेतला नाही.

"खोका नको, बाई. माफीही नको. माफी मागून काही होत नाही, ते मला विचारा." पहिल्यांदाच ती माझ्याशी सरळ मान ठेवून बोलत होती. "तेव्हा जे घडलं ते दोन ओळींत लिहून द्या. शिक्का मारून. बस्स."

"देते," म्हटलं. "या आठवड्यात देते."

आणि लिहिलंही, शपथेवर सांगते. त्याच रविवारी. दोनाच्या बारा ओळी झाल्या. तपासणीत काय पाहिलं, आईने काय लिहिलं होतं, मी काय करायला लावलं, सगळं. खाली तारीख, नाव, शिक्का. पाकिटात घातलं, पाकीट कपाटाच्या खणात ठेवलं. म्हटलं उद्या देते. उद्या साहेब निरोपसमारंभाचं विचारत आले. परवा धीर झाला नाही. छत्तीस वर्षांचं नाव, आणि जाता जाता त्यावर शाई सांडायची?

नोव्हेंबरच्या शेवटी तिचा फोन आला. "बाई, झालं का हो?"

"साहेबांच्या सहीसाठी अडलंय," मी म्हणाले. साहेबांना त्यातलं काही ठाऊकच नव्हतं.

"बरं, बरं. तुमच्या कामात व्यत्यय आणला." पलीकडे ती वाकली असणार, मला न बघताही कळलं. नंतर तिने फोन केला नाही. डिसेंबर गेला.

मार्चमध्ये मला निरोप दिला. फुलं दिली, भाषणं झाली. साहेब म्हणाले, सुगावाराबाईंनी या गावाची प्रत्येक आई सांभाळली. मी डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं निरोपाने भरून आलंय.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट घेऊन गेले. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, मिकोतोची डोंगरापलीकडची बस सुरू झालेली होती. चिझुरूने दारातच पत्र उघडलं आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. मला वाटलं आता रडेल. बोट तळाशी, तारखेवर आलं आणि थांबलं.

"ऑक्टोबर," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"म्हणजे मी फोन केला तेव्हा हे लिहून तयार होतं."

"हो."

"तुमच्या घरात."

"हो, खणात होतं."

ओरडली नाही. ओरडली असती तर माझं थोडं हलकं झालं असतं. तिने पत्राची घडी घातली. "पुढच्या वर्षीच्या अर्जाला लावता येईल," म्हणाली, आणि आत गेली. दार तिने हळूच लावलं, पण कडी घातल्याचा आवाज मी ऐकला.

पत्र कामाला आलं. पुढच्या एप्रिलला वर्ग उघडला आणि मिकोतो शाळेची पिवळी टोपी घालून गल्लीतल्या रांगेत, तिसऱ्या नंबरवर, चालायला लागली. पण तोवर एक सबंध वर्ष ती सहा वर्षांची पोर सव्वासहाला उठून एकटी डोंगरापलीकडे जात होती. ती बस माझ्याच घरावरून जायची. मला आता काही काम नव्हतं, रोज त्या वेळेला मी जागीच असायचे. वर्षभरात एकदाही मी खिडकीचा पडदा सरकवला नाही.