खडूच्या खुणा

मनकर्णाबाई आधी धानाच्या रोवण्याला जायची. वाकून वाकून कंबर गेली, म्हणून चंद्रपुरातल्या चित्रकलेच्या वर्गात बसायच्या कामाला लागली. बारा वर्षं झाली. पोरापोरींनी तिला समोर पाहून माणूस काढायला शिकायचं आणि तिनं तासभर हलायचं नाही. मे महिन्यात, कूलर बंद पडलेला असताना, कोणी करून दाखवावं!

तिथं शिकवणाऱ्या गुणवंतराव सरांनी तिचं मोठं चित्र केलं, प्रदर्शनात लावलं आणि खाली चिठ्ठी डकवली: 'दारूवाली'. जिनं जन्मात दारूला हात लावला नाही, तिला! चित्र मोबाइलवरून फिरत फिरत तिच्या लेकीच्या, हर्षाच्या, सासरी चिमूरला पोचलं. आई कुठं विकते गं, असं लोक पोरीला तोंडावर विचारू लागले. मनकर्णाबाई सरांकडे गेली, चिठ्ठी तेवढी काढा म्हणाली.

सर हसले. "मॉडेलले काय नाव असते, बाई?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडली नाही. तिनं डूख धरला.

दिवाळीनंतर नागपूरहून मोठे पाहुणे आले. त्यांच्यासमोर सर दोन तासांत तिचं चित्र करून दाखवणार होते, मधे चहाची सुट्टी. सुट्टीनंतर मॉडेल नेमकी त्याच जागी बसावी म्हणून चौथऱ्यावर खुर्चीच्या पायांभोवती आणि तिच्या पावलांभोवती खडूनं खुणा करतात. सरांनी त्या स्वतः केल्या. पहिल्या तासात तिचा चेहरा कागदावर असा उतरला की पाहुण्यांनी मान डोलावली. मेल्याच्या हातात कला आहे, हे मनकर्णाबाईला ठाऊक होतं. म्हणून तर राग जास्त.

सगळे चहाला गेले. तिनं पदरानं खुणा पुसल्या, खुर्ची चार बोटं फिरवली आणि सरांच्याच खडूनं नव्या खुणा ओढल्या.

दुसऱ्या तासात खांदे काही केल्या मानेला लागेनात. सर पुसत, पुन्हा काढत. दिव्यानी नावाची पोरगी हळूच म्हणाली, बाईंची बैठक बदलली वाटते. सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. खुणा बरोबर आहेत, तुझी नजर चुकते म्हणाले. मग खांद्यांना जुळवायला गेले आणि चांगला उतरलेला चेहराही घालवून बसले.

"हलली काऊन तू?" शेवटी ते खेकसले.

"मी कुठी हलली, सर? खुणा पाहा ना."

पाहुण्यांनी वाकून पाहिलं. पावलं खुणांच्या आत, जशीच्या तशी. मागून कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा वर्ग हसला.

पाहुण्यांसमोर केलेलं चित्र सही करून वर्गाला द्यायची तिथली रीत. सरांना सही करावी लागली. शिपाई नानाजीनं ते चौथऱ्यासमोरच्या भिंतीवर टांगलं.

'दारूवाली' काही कोणाच्या मोबाइलमधून निघाली नाही. चिमूरची तोंडंही बंद झाली नाहीत. आता सर रोज त्या चित्राखाली उभे राहून शिकवतात. बसणाऱ्याला एका जागी नजर लावून ठेवावी लागते. मनकर्णाबाई ती सरांच्या सहीवर लावते.