स्थानिकांच्या यादीत माझं नाव

सासवडच्या एसटी स्टँडवर नाना, म्हणजे माझे वडील, शेवटचं बोलले ते जागेविषयी. “नोकरी संपली की परत या. घर बांधायला इथं हवी तेवढी जागा आहे.” आईने अंजिरांची करंडी मांडीवर ठेवली. ती रेल्वेत मथुरेच्या आधीच नासली आणि मी खिडकीतून टाकून दिली. रडले वगैरे नाही. आमच्या यांना दिल्लीजवळ फरीदाबादच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि ड्राफ्टस्मनचा कोर्स करून घरी पापड लाटत बसायचं माझ्या मनात नव्हतं.

मलाही तिथल्याच एका ड्रॉइंग ऑफिसात काम मिळालं. मग ती वर्षं आली, ज्यांत परदेशी कंपन्या आल्या, शेतं सपाट झाली आणि एकामागून एक सेक्टर उभे राहिले. आम्ही मात्र दर अकरा महिन्यांनी घर बदलत होतो. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली मराठी मंडळी सांगायची, “मयूर विहारला फ्लॅट घ्या, आपली माणसं आहेत.” मला फ्लॅट नको होता. डोक्यावर दुसऱ्याची मोरी नको, पायाखाली स्वतःची जमीन हवी.

सेक्टरच्या कडेला एका गावातले चौधरी प्लॉट विकत होते. सगळं ठरलं, आणि मग ते म्हणाले, “पहले गाम में पूछणा पड़ैगा.” त्यांच्याकडे रीत होती. जमीन आधी गावातल्याला विचारायची, कोणी घेत नसेल तरच बाहेरच्याला. घरी हे म्हणाले, “तूच बोल.” चौपालवर, म्हणजे त्यांच्या चावडीवर, खाटा टाकून पुरुष हुक्का ओढत बसले होते. मी गेले. चौधरींचा पुतण्या सतबीर सरळ म्हणाला, “मैडम, थम बाहर आळे सारी जमीन ले लोगे तो म्हारे बालक कित जावैंगे?”

मला राग आला. इतकी वर्षं इथे राहते, इथेच कमावते, आणि बाहेरची? पण त्याची मुलं कुठे जातील, हा प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, “पहला हक आपका. मैं साल भर रुकती हूँ. कोई ना ले, तो मेरी. फिर कोई कुछ ना बोले.”

सतबीर हसला. “लुगाई पक्की सै.” बाई पक्की आहे म्हणे.

वर्षभर दर रविवारी स्कूटरवरून जाऊन बघत होते, कोणी वीट तर टाकली नाही ना. कोणी टाकली नाही. पाया खणला तेव्हा पाणी सतबीरच्याच ट्यूबवेलचं होतं.

हे सगळं आता तुम्हा सासवडकरांना सांगायचं कारण दादाचं पत्र. गावाबाहेर नवीन सोसायटीचे प्लॉट पडताहेत, पुणेकर तुटून पडलेत, म्हणून कमिटीने ठरवलं की आधी स्थानिकांना द्यायचे. चांगलं ठरवलं. कमिटीत दादा आहे. त्याने लिहिलं, “तुझं नाव स्थानिकांत घातलंय. रहिवासी दाखला मी काढतो, तू नुसती सही कर.”

मी फोन लावला. “यादीत शकू आहे का?”

शकू माझ्या वर्गातली. स्टँडमागे भाड्याच्या एका खोलीत शिलाई मशीन चालवते, एक दिवसही गाव सोडून राहिलेली नाही.

“आहे. तुझ्या खाली. प्लॉट उरला तर मिळेल.”

“माझ्या खाली का?”

“अगं, आपलं घराणं जुनं.”

“दादा, मी पंधरा वर्षं सासवडचं पाणी भरलेलं नाही.”

“दिल्लीला जाऊन फार कायदा शिकलीस!”

मागून वहिनींचा आवाज आला, “राहू द्या हो. त्यांचा तिकडं बंगला आहे, गावाची किंमत कशाला राहील?”

फॉर्म मी सही न करता परत पाठवला. सोबत एक ओळ: माझं नाव काढा, शकूचं वर घ्या. त्यानंतर पाच महिने दादाचं पत्र नाही. गावात बोललं जातंय की ती गावाला विसरली. विसरले असते तर शकूचं नाव विचारलं नसतं. सही करून मोकळी झाले असते आणि दोन वर्षांनी तो प्लॉट एखाद्या पुणेकरालाच विकला असता. तुमच्यातल्या किती जणांच्या मनात तेच आहे, मला माहीत आहे.

मी फरीदाबादची आहे. पत्ता विचारला तर तोच सांगते, पिनकोडसकट. तो मला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही.

आणि दादा, नानांच्या घरातली मागची खोली माझी आहे. ती मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. दिवाळीत येते आहे. तुझी ज्वारीची पोती तिच्यातून बाहेर काढून ठेव.