काकांनी राखून ठेवलेली गाडी

“नव्या मॉडेलला गिअरच नसणार म्हणे!”

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर, कमी पेट्रोल पिणारी ही छोटी गाडी असलेले सगळे कार पार्कमध्ये रेंगाळतात आणि अंदाज बांधतात. माझ्या शेजारी राहणारे काका ऐकता ऐकता बाहीने आपल्या गाडीचा आरसा पुसत असतात. त्यांचं प्रत्येक वाक्य “बघा हं”ने सुरू होतं.

“बघा हं, गिअरशिवाय ड्रायव्हिंग कसलं? डीलर एक्स्चेंज देत होता, मी नाही म्हटलं. आपली गाडी हिला देणार. टेस्ट पास झालीय पोरगी!”

सगळे माझ्याकडे वळले. काकांनी ‘टेस्ट पास झालीस ना?’ असं विचारलं तेव्हा मी संकोचाने नुसती मान हलवली होती.

“काका, माझं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं आहे. गिअरची गाडी चालवायची मला परवानगीच नाही.”