सोपानरावांच्या रानातली फक्की

जूनचा पहिला सोमवार. काम साधं होतं: लोणी काळभोरला जायचं आणि रस्त्याच्या कराराचा दिवस ठरवायचा. बांधावर पोहोचले, तर शेतमालक सोपानराव कमरेवर हात ठेवून उभे.

"रस्ता मिळायचा न्हाई, मॅडम. इषय संपला."

मी आर्किटेक्ट. छोट्या कारखान्यांना परवानग्या मिळवून देणं हे माझं निम्मं काम. सोबत आलेले माझे क्लायंट अनंतराव कसबा पेठेतले, तांब्याचे हंडे घडवणारे. हातोडीचा आवाज पेठेने वर्षानुवर्षं ऐकला. पण त्यांनी पॉवर प्रेस बसवला आणि वरच्या मजल्यांवरून तक्रारी सुरू झाल्या. निवासी भागात असं मशीन चालत नाही. दिवाळीपर्यंत हलवा, नाहीतर बंद करा, अशी नोटीस आली. बंद म्हणजे ऐन सीझनला कारागीर घरी.

विकास आराखड्यात प्रत्येक जमिनीला रंग असतो. पिवळा राहण्याचा, हिरवा शेतीचा, जांभळा कारखान्यांचा. अनंतरावांनी लोणीला घेतलेला तुकडा जांभळ्यात होता, म्हणून ते खूश. पण रंगावर भागत नाही. जागेपर्यंत ट्रक जाईल असा रुंद, कायदेशीर रस्ताही लागतो. त्याला ॲप्रोच रोड म्हणतात. तो नसेल तर फाइल हलत नाही. आणि मध्ये होतं सोपानरावांचं रान. त्यातली एक पट्टी द्यायला ते तयार झाले होते.

"अहो, तुम्ही तर हो म्हणाला होतात," मी म्हटलं.

"म्हनलो व्हतो. आता हे बगा."

नांगरलेल्या काळ्या रानातून पांढरी रेघ तिरपी आरपार गेली होती. फक्की. पाया आखायला टाकतात ती पांढरी पूड. मी अनंतरावांकडे पाहिलं.

"काल सकाळीच कॉन्ट्रॅक्टरला घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, तुमचा वेळ वाचेल."

"यांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? द्यायचं ठरलंच होतं. आणि सरळ रेषा म्हणजे सर्वांत कमी अंतर. शाळेत शिकवतात."

"दुसऱ्याच्या रानात शिरण्याआधी हाक मारावी, हेही शिकवतात. त्या दिवशी आपण गैरहजर असाल."

सोपानरावांना हसू आलं नाही. "माझ्या पोराची सोयरीक चाललीया. पाव्हनं काल हितनं गेलं. रानात फक्की बगितली. सांजच्याला फोन, रान इकलं का म्हून. रान इकनाऱ्याच्या घरात पोरगी देत न्हाई म्हनं."

आता कळलं. या भागात फक्की पडली म्हणजे प्लॉटिंग झालं, असंच लोक धरून चालतात.

"रेघ पुसते," मी म्हटलं.

"पुसून काय? बगनाऱ्यांनी बगितली."

तेही खरं. "मग त्यांनाच बोलवा. त्यांच्यासमोर तुम्हीच आखा, बांधाच्या कडेनं. किती देताय, किती ठेवताय, त्यांनाच दिसू दे."

त्यांनी बांधाच्या कडेवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "घमेलं कोन धरनार?"

मी अनंतरावांकडे पाहिलं. कडक इस्त्रीचा सदरा.

"मी?"

"प्रेस चालवायचाय ना?"

दुपार कलल्यावर पाहुणे आले. पुढे सोपानराव मुठीने फक्की सोडत, मागे घमेलं घेऊन अनंतराव, आणि रुंदी मोजायला टेप घेऊन मी. कोपऱ्यातल्या आंब्याला सोपानरावांनी हात लावू दिला नाही. रेघ त्याला वळसा घालून गेली. मुलीच्या वडिलांनी उरलेलं रान पायांनी फिरून पाहिलं.

"मोप हाय की," ते म्हणाले आणि चहाला बसले.

चहा संपता संपता सोपानरावांनीच विचारलं, "कराराला कवा यायचं?"

पुढे परवानगी मिळाली. प्रेस दिवाळीआधी हलला, आणि सोपानरावांच्या घरात सूनही आली. नियमात रस्त्याची रुंदी लिहिलेली असते. आधी कुणाला हाक मारायची, ते लिहिलेलं नसतं.

पण त्याआधी, फक्की आखली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी नकाशावर अनंतरावांनी मारलेली तिरपी रेघ पुसली आणि बांधाच्या कडेने, आंब्याला वळसा घालून नवी काढली. अनंतरावांना पाठवली. लगेच फोन.

"मॅडम, रस्ता वाकडा दिसतोय."

"दिसू दे," मी म्हटलं. "ट्रक जातो."