आपांच्या कागदावरच्या रेघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातली शिंकसुद्धा सांगतो.

आष्टीजवळच्या एका जिनिंग कारखान्यात वजनकाट्याचा प्रोग्राम मी बसवला होता. कापसाची गाडी काट्यावर आली की तिचं वजन आणि फोटो कॉम्प्युटरमध्ये जायचा. खिडकीत नसरीन आपा बसायच्या. चाळिशीनंतर क्लास लावून कॉम्प्युटर शिकलेल्या. त्या खुर्चीचा त्यांना केवढा अभिमान — घरी जाताना कीबोर्डवर रुमाल पांघरून जायच्या.

सीझन भरात आला आणि प्रोग्राम मधेच बंद पडायला लागला. रोज. गाड्यांची रांग फाट्यापर्यंत, ड्रायव्हर खिडकीवर थापा मारतायत. मालकांनी मला जालन्याहून बोलावलं. मी काय म्हणालो असेन? काही न तपासताच म्हणालो, आपा भलतंसलतं उघडत असतील. किती सहज म्हणालो!

आपांनी मला एक कागद दिला. गाडीगणिक एक रेघ, आणि बंद पडलं तिथे फुली. "सर, साठ-पासष्ट गाड्या झाल्या की बंद पडून राह्यलंय. बराबर तेवढ्यालाच. मी दुसरं कायबी उघडत न्हाई." मी कागद घडी करून खिशात टाकला.

जालन्याला येऊन फाईल उघडली. प्रोग्राम सुरू करणारी छोटीशी स्क्रिप्ट. प्रोग्रामने जास्तीत जास्त किती मेमरी घ्यायची, ते तीत लिहिलेलं असतं. माझा जुना लॅपटॉप गुदमरू नये म्हणून मी तिथे २५६ एमबी टाकून ठेवले होते — कारखान्यात बसवताना वाढवू म्हणून. वाढवलेच नाहीत. साठेक फोटो झाले की मेमरी संपायची. आपांच्या रेघा नेमकं तेच सांगत होत्या. एका आकड्याची चूक — कबूल करायला काय जात होतं? पण 'सर' म्हणवून घ्यायची सवय झाली होती ना.

दुसऱ्या दिवशी आकडा बदलायला गेलो, तर खिडकीत आपा नव्हत्या. मालकांनी त्यांना सकाळीच काढून टाकलं होतं. तेव्हा तरी तोंड उघडायचं — मी गुपचूप आकडा बदलला. त्या दिवशी प्रोग्राम एकदाही बंद पडला नाही. मालक खूश. "बघा सर, बाई गेली अन् मशीन कसं बराबर चालू झालं!"

मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात आपा शहागडच्या स्टँडवर भेटल्या. पुन्हा कुठे कॉम्प्युटरवर बसलात का, असं विचारलं मी — निर्लज्जपणे. त्या हसल्या. "न्हाई सर. माझाच हात चुकत असेल. भीती बसली मनात. मंग नादच सोडला."

मी त्यांना चहा पाजला. तेवढंच केलं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, आणि त्यावरची एकही फुली त्यांच्या हाताच्या चुकीची नाही. हे मला तिथे, त्यांच्यासमोर चहा पितानाही माहीत होतं.