मी वाचून दाखवलेली बाटली

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नव्हती — बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर असता तर? कदाचित परत काहीतरी थाप मारून सुटलो असतो.

कर्नाटकाच्या हद्दीतल्या कमलनगरला माझं खत-बियाणांचं दुकान आहे. माझी शाळा मराठी, कॉलेज उदगीरला. कन्नड बोलतो मी, गिऱ्हाइकाला शंका येणार नाही इतकं चांगलं. पण वाचायला? एक अक्षर येत नव्हतं. तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? आमच्याकडं असे कितीतरी आहेत, आणि ते सरळ सांगतात. मी नाही सांगितलं. दुकान टाकलं तेव्हा कुणीतरी विचारलं, कन्नड वाचता येतं ना? मी ‘व्हय’ म्हणालो, आणि मग तो ‘व्हय’ सांभाळत बसलो. गल्ल्यावर रोज कन्नड पेपर उघडून ठेवायचो. फोटो बघायचे, पान उलटायचं. कुणी काही वाचायला दिलं की माझा चष्मा घरी राहिलेला असायचा. औषधाच्या बाटलीवरचं मात्र वाचून दाखवायचो — म्हणजे कंपनीच्या माणसानं सांगितलेलं पाठ असायचं, तेच बोट फिरवत म्हणायचो.

बहुतेक वेळा निभायचं. बहुतेक वेळा.

गुरुनाथअण्णा आमच्याच गल्लीतले, माझ्याहून वयानं मोठे. फवारणीत त्यांचा हात गावात नावाजलेला. दुसऱ्यांच्या शेतातही त्यांना बोलावणं असायचं. एका वर्षी ते तुरीतल्या गवतासाठी औषध न्यायला आले. बाटली नवीन होती, तिच्याबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, “तुरीला चालतंय का, बघ की जरा वाचून.” मी बाटली डोळ्यांजवळ धरली. ओठ हलवले. आणि म्हणालो — चालतंय.

थोड्याच दिवसांत तूर वाकडी होऊन जळाली.

अण्णा दुकानात आले तेव्हा चार माणसं बसलेली. आणि मग मी जे बोललो... हेच ते, जे सांगायला इतका वेळ लावतोय. “माप जास्त टाकलाव तुमी, अण्णा. हात जड झालाय तुमचा.” लोक हसले. एकजण म्हणाला, “आता भाजकीच तूर विकायची की, अण्णा!” अण्णा भांडले नाहीत. “असंल बाबा,” म्हणाले. त्यांनी संशय घेतला तो स्वतःवर, माझ्यावर नाही. त्यानंतर त्यांनी पंप पाठीला लावला नाही. फवारायला मजूर सांगायचे आणि आपण बांधावर उभे राहायचे. त्यांना तसं उभं असलेलं मी किती वर्षं बघितलं? रस्त्यानं जाताना गाडी हळू करून वर हात करायचो मी!

यंदा उन्हाळ्यात माझी मुलगी पूजा बीदरहून सुट्टीला आली आणि तिनं माझ्या मोबाईलवर ते एआय घालून दिलं. “कायबी विचारा, अप्पा. ते हसत न्हाई कुणाला.” पहिला प्रश्न मी अर्ज लिहितात तसा लिहिला, वर ‘महोदय’ घालून. “अप्पा, ते काय तहसीलदार हाय का?” — ते हसलं नाही, पण पूजा हसून बेजार. मग तुरीचा आजचा भाव विचारला, तर त्यानं बेधडक असा आकडा सांगितला जो आमच्या बाजारात कुणी ऐकलाही नव्हता. त्याचं सगळंच खरं धरायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. आणि हेही कळलं, की आपल्याला काय येतं, काय येत नाही हे उघड सांगितलं तरच ते नीट मदत करतं.

काय येत नाही — तिथंच तर माझं अडलेलं.

एका दुपारी दुकान रिकामं असताना लिहिलं: मला कन्नड वाचता येत नाही. पाठवायच्या आधी दोनदा पुसलं. त्यानं एवढंच विचारलं, कोणत्या शब्दांपासून सुरुवात करू या? मी म्हटलं, पिकांपासून. जोळ, कब्बू, तोगरी. ज्वारी, ऊस, तूर. तोंडातले जन्माच्या ओळखीचे शब्द, पण त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होतो. रोज थोडी थोडी अक्षरं. पन्नाशीत माणूस शिकतो का? शिकतो हो. पोरासारखा खूश होतो वर.

पेरण्या झाल्यावर तेच औषध परत दुकानात आलं. मी अक्षराला अक्षर लावत वाचलं. कब्बू होतं. जोळ होतं. तोगरी कुठंच नव्हतं. मग बाटलीचा फोटो काढून त्यालाही विचारलं. पिकं त्यानं बरोबर सांगितली, पण माप चुकवलं — हेक्टरचं माप एकराचं म्हणून सांगितलं. मी लिहिलं, नीट बघ. लगेच उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे, माझी चूक झाली.

इतकं सोपं? त्याचं काय जाणार होतं म्हणा; त्याला ना गल्ली, ना गिऱ्हाईक. तरीपण मी बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिलो. मग अण्णांचं सगळं त्याला लिहून टाकलं. त्यानं मायेनं समजावलं, तुम्ही मुद्दाम केलं नाही, स्वतःला माफ करा, असं काहीसं. मी ते पुसलं. तूर त्याची जळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णांकडं गेलो. वाचता येत नव्हतं, अंदाजानं बोललो, आणि चार माणसांत तुमच्यावर ढकललं — एका दमात सांगितलं. अण्णा शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “म्हंजे... माप बराबर हुतं माझं?”

“बराबर हुतं, अण्णा.”

ते उठून आत गेले. मला बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

परवा त्या चौघांतले दोघं दुकानात होते, त्यांच्यासमोरही सांगितलं. “मग आता आमची बाटली कोण वाचायचं, मल्लू?” एकानं चिमटा काढला. मीच, म्हटलं, पण वेळ लागंल.

आज सकाळी अण्णांच्या शेतावरून आलो. बांधावर कुणी नव्हतं. पंप अण्णांच्या पाठीवर होता आणि ते तुरीच्या ओळीतून सावकाश चालले होते. त्यांनी मला बघितलं, हात केला नाही. मीही केला नाही. तसाच पुढं गेलो आणि दुकान उघडलं.