गिरणीतला पहिला रविवार

रविवारी सकाळी शेजारचे दगडूकाका पायरीवर ऊन खात बसले होते. सगळी हयात सोलापूरच्या गिरणीत गेलेली. मी सहज विचारलं, "काका, गाव का सोडलंत?"

मला वाटलं, दुष्काळ म्हणतील.

"गावात सुट्टी फक्त बैलाला, तीही पोळ्याला," ते हसले. "गिरणीत दर रविवारी मिळते असं ऐकलं आणि निघालो. पहिल्या रविवारी हिला घेऊन तळ्यावर गेलो. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं नुसते हिंडलो."

पोटासाठी माणसं शहरात आली, हे खरंच. पण असा एखादा रिकामा दिवसही कितीजणांना हवासा वाटला असेल!

आतून काकू म्हणाल्या, "माझी सुट्टी अजून यायचीय."

"आजच घे," म्हणत काका चहा करायला उठले.

"घेते की! फक्त साखर कुठाय ते विचारू नका."